लाल कापडावरचा भाता

आमच्या घरात खंडेनवमीचा एक कायदा आहे आणि तो माझ्या सासऱ्यांनी केलेला आहे. लाल कापडावर ज्याने जे हत्यार ठेवलं, त्यावर त्याचं पुढचं वर्ष. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. मग बाबा स्वतःच्या हाताने ज्याचं त्याला परत देणार. ते नाशिकलाच, अंबडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर टर्नर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी पाटावर पहिला मान त्यांच्या मायक्रोमीटरचा. मग नवऱ्याचा कंपास, तो शाळेत गणित शिकवतो. मग विळी, कोयता, पकड. आणि सगळ्यात शेवटी माझं पेन.

पेन बघून बाबा दर वर्षी एकदा तरी म्हणणार, "हे काय हत्यार झालं!"

"बाबा, याने काय काय कापलं जातं ते तुम्हाला माहीत नाही," मी म्हणायचे. सगळे हसायचे. मीपण हसायचे, निर्लज्जासारखी.

मी एका कारखान्याच्या पर्सोनेलमध्ये होते. सोळा वर्षं. माझ्या टेबलावर बरीच कामं होती, पण लोक मला ओळखायचे ते एकाच कामाने. कंत्राटी कामगाराला सात महिने झाले की ब्रेक द्यायचा. म्हणजे त्याला काही दिवस घरी पाठवायचं आणि मग नव्याने घ्यायचं, नाहीतर नाही घ्यायचं. सलग नोकरी झाली की तो कायम करा म्हणेल ना! त्या ब्रेकच्या चिठ्ठीवर सही माझी. मी फाइल घेऊन शॉपमध्ये शिरले की एकेका मशीनवरचं बोलणं बंद पडायचं. बायका तर माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. साध्या चहाला निघाले असले तरी तेच. अरे, मला पण तहान लागते की नाही?

पहिली चिठ्ठी दिली त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन ओकले होते. तो माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा होता आणि "थँक्यू मॅडम" म्हणाला होता. त्याला कोणी शिव्या द्यायलाही शिकवलं नव्हतं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मी उद्यापासून जाणार नाही. तो म्हणाला, महिनाभर बघ. त्या एका महिन्याची सोळा वर्षं कशी झाली ते मला विचारू नका. सवय होते. माणसाला कशाचीही सवय होते, हेच तर वाईट आहे.

मग एका वर्षी वेल्डिंग लाइनवरच्या एकाने चिठ्ठी घेतली आणि चक्क हसला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हसायला काय झालं?"

"बरं झालं मॅडम. गावाकडं कांद्याचे डेंगळे फुललेत. आईला पेट्या हलवायला माणूस पाहिजेच होता."

पेट्या म्हणजे मधमाश्यांच्या. हा सटाण्याकडचा. तिकडे कांद्याचं बी धरतात, त्यासाठी डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, वाढू देतात; फुलोऱ्यात माशी फिरली तरच बी भरतं. म्हणून शेतकरी महिना-दीड महिना भाड्याने पेट्या आणून ठेवतात. त्याच्या आईचा तोच धंदा. डेंगळे संपले की डाळिंबाच्या बागा. "या एकदा बघायला," तो म्हणाला. माझ्या चिठ्ठीवर हसलेला तो पहिला आणि शेवटचा माणूस. म्हणून असेल, पण मी खरंच गेले. रविवारी नाशिकच्याच द्वारका चौकात सिग्नलला अर्धा तास अडकून, एसटीत उभी राहून.

मी झुरळाला भिणारी बाई. कांद्याच्या त्या पांढऱ्या गोंड्यांमध्ये वीस पेट्या आणि सगळं रान घुमतंय, हे बघून माझी पाचावर धारण बसली. त्याची आई, साठीची, नऊवारीचा पदर कानामागून घट्ट खोचलेली, हातात मोजे नाहीत की काही नाही. तिने झाकण काढलं आणि मी दहा पावलं मागे. ती म्हणाली, "माशी वाईट नही शे, पोरी. भ्याव वाटस ते वाटू दे. हात हालू नको देऊ." तिच्या अहिराणीत नाशिकची मराठी मिसळलेली असते, मला कळावं म्हणून. मी हात हलवला. अर्थातच हलवला! एक माशी डाव्या पापणीवर डंख मारून गेली.

सोमवारी ऑफिसात डोळा एवढा सुजलेला. सगळ्यांना वाटलं नवऱ्याने मारलं. कॅन्टीनच्या मावशींनी तर हळूच येऊन हातात हळदीचं दूध दिलं आणि म्हणाल्या, "सहन करू नका मॅडम." बिचारा माझा नवरा, झुरळसुद्धा मारत नाही, मलाच ओरडावं लागतं. पण एक गोष्ट सांगते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या कारखान्यात कोणीतरी माझ्याशी मायेने बोललं होतं. मी दूध प्यायले आणि खरं काही सांगितलं नाही.

पुढचे दोन हंगाम मी रविवारी त्याच्या आईकडे जात राहिले, तिला मावशी म्हणू लागले. घरी सांगितलं छंद आहे. राणी माशी ओळखायला शिकले, पोळ्याची फ्रेम धक्का न देता उचलायला शिकले. पेटी उघडण्याआधी भात्याने धूर द्यायचा, हे शिकले. भाता म्हणजे टिनचा डबा, त्याला तोटी, मागे चामड्याचा फुगा. आत गोणपाटाचा तुकडा पेटवून फुगा दाबला की थंड पांढरा धूर निघतो आणि माश्या शांत होतात. भीती गेली म्हणाल तर मुळीच नाही. पण हात हलायचा नाही.

गेल्या पावसाळ्यात मावशीचे गुडघे पार गेले. मुलगा चाकणला एका कंपनीत कायम झाला होता, त्याला पेट्यांत रस नव्हता. ती मला म्हणाली, दिवाळीनंतर तू घेतेस का सगळ्या? पहिलं वर्ष मी बसून सांगीन. तू नाही म्हणालीस तर दुसऱ्याला देते. दसऱ्याला फोन कर.

घ्यायच्या म्हणजे नोकरी सोडायची. पेट्या रविवारपुरत्या पाळता येत नाहीत. एक्केचाळिसाव्या वर्षी, दोन पगारांवर चालणारं घर, मुलगी अकरावीत, आणि मी काय सांगणार लोकांना, माश्या हाकते? माझी झोप उडाली. भाजीत दोनदा मीठ पडायचं. पेट्यांत रोग शिरला तर? शेजारच्या रानात कोणी फुलोऱ्यात औषध फवारलं तर एका सकाळी सगळ्या मरून पडतात, मावशीच्या एकदा पडल्या होत्या, मी तो ढीग पाहिला होता. आणि मग मी कुठे जाणार? पुन्हा त्याच दारात, नोकरी द्या म्हणून, कंत्राटावर? तेव्हा मला ब्रेकची चिठ्ठी कोण देणार?

तरीसुद्धा मी एक भाता विकत घेतला. का घेतला ते सांगता येत नाही. छंदाला माणूस स्वतःचं हत्यार घेत नाही, मावशीचं चालत होतंच की. घेतला आणि घाबरून पोटमाळ्यावर, जुन्या कुकरच्या मागे, पिशवीत गुंडाळून ठेवला. नवऱ्यालाही बोलले नाही.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा झाली. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. साहेब माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "दसरा झाला की ती यादी घ्या. दिवाळीच्या आत चाळीस ब्रेक." मी म्हटलं, "हो सर." आणि दुपारी घरी आले.

दारातूनच पाट दिसला. मायक्रोमीटर, कंपास, विळी, कोयता, पकड, माझं पेन. आणि मधोमध, तेलाने पुसून लखलखीत केलेला, हळदकुंकू लावलेला, झेंडूचं फूल डोक्यावर घेतलेला माझा भाता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबांनी पोटमाळ्यावर हत्यारं शोधताना तो काढला होता. घरात लोखंड म्हणून जे दिसेल ते पुजायचं, ही त्यांची रीत. काय आहे ते कळलं नव्हतं, पण बनावट आवडली होती. मला वाटलं पटकन उचलावं. पण कायदा! उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही.

"काय गं हे?" बाबा म्हणाले. "मी म्हटलं डासांचं असेल. पण डासांना एवढा चांगला भाता कोण लावील? रिव्हेट बघ कसे बसवलेत. कोणाचं हत्यार आहे?"

नवरा माझ्याकडे बघत होता. तो हुशार आहे, त्याला कळलं होतं. पण माझं मीच सांगावं म्हणून थांबला. मी नाही म्हणू शकले असते. मैत्रिणीचं आहे म्हणाले असते तर दोघांनीही मान डोलावली असती.

"माझं," मी म्हटलं. आणि मग धरण फुटल्यासारखी बोलत सुटले. पेट्या, मावशीचे गुडघे, दसऱ्याचा फोन, सगळं. शेवटी रडायला आलं. म्हटलं, "बाबा, मला फार भीती वाटते."

बाबांनी उजवा हात पुढे केला. त्यांच्या तर्जनीचं टोक लेथने नेलेलं आहे, ते घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यावर कोणी बोलत नाही. म्हणाले, "हे गेलं त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यानंतर रोज सकाळी मशीन चालू करताना मला घाम फुटायचा. रिटायर होईपर्यंत. अगं, भीती वाटते म्हणूनच हत्याराला फूल वाहतात. ज्याची भीती नाही त्याची कोण पूजा करील?" मग पाटाकडे बोट दाखवून विचारलं, "आता खरं सांग. यात तुझी दोन आहेत. त्या पेनाची भीती वाटते का तुला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला सकाळ आठवली. साहेब चाळीस ब्रेक म्हणाले तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता. मी पेढा चघळत "हो सर" म्हटलं होतं. चाळीस घरं, आणि मला पेढा गोड लागला होता. वर आणखी एक घेतला होता.

"नाही वाटत," मी म्हटलं. "काहीच वाटत नाही बाबा." आणि हे बोलताना मी इतकी घाबरले, तेवढी माश्यांनाही कधी घाबरले नव्हते.

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाल्यावर बाबांनी हत्यारं परत दिली. मायक्रोमीटर स्वतःच्या पेटीत. कंपास नवऱ्याला. माझ्यापुढे त्यांनी पाटच सरकवला, भाता आणि पेन दोन्ही तसंच ठेवून. एवढीच काय ती कायद्यात सूट. मी भाता उचलला आणि बाल्कनीत जाऊन मावशीला फोन लावला. हो म्हणताना माझे दात वाजत होते. तिला ऐकू गेलं असणार, कारण ती म्हणाली, "भ्याव वाटस ना? मंग बरं शे."

पेन मात्र मला लागणारच होतं. दुसऱ्या दिवशी यादी साहेबांच्या टेबलावर परत ठेवली आणि वर राजीनामा ठेवला. ते म्हणाले, बसा, पाणी घ्या, घरी काही झालंय का? मग म्हणाले, विचार करा. मी बाहेर आले. ती यादी दुसऱ्या कोणीतरी पुरी केली. चाळीसच्या चाळीस जणांना ब्रेक मिळाला. माझ्या जाण्याने कोणाचं काही वाचलं नाही, उगीच खोटं कशाला सांगू.

दुपारी माझ्याच हाताखालची मुलगी राजीनामा घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मीच शिकवून तयार केलेली, कामाला चोख. कामगाराची सही रेकॉर्डशी जुळली नाही तर कागद परत करायचा, हा नियम तिला मीच घालून दिला होता. त्या नियमापायी किती जणांना मी दोन-दोन खेपा मारायला लावल्या होत्या!

ती खालमानेने म्हणाली, "मॅडम, सॉरी. तुमची सही जुळत नाहीये."

मी बघितलं. चिठ्ठ्यांवरच्या माझ्या सह्या सोळा वर्षं एकसारख्या, छापल्यासारख्या. आणि ही वेडीवाकडी, शेवटची रेघ पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. तिने नवीन कागद पुढे केला. मी पेन धरलं, दम घेतला, मनाशी म्हटलं, हात हालू नको देऊ.

हात हललाच. दुसरी सही पहिलीपेक्षा वाईट आली.

ती मुलगी त्या सहीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आणि तिने कागद फाइलला लावून टाकला.