गोलात घेतलेल्या सह्या

नाल्याची भिंत तडकली तेव्हा पहिली चूक मीच केली. सरकारी कचेरीत जन्म घासला म्हणून गल्लीतले सगळे अर्ज माझ्याच गळ्यात पडतात, आणि मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

जरीपटक्याकडच्या आमच्या गल्लीचं शेवटचं घर त्या भिंतीला खेटून. तिथं ब्लाऊज शिवणारी बाई आणि तिची कॉलेजातली लेक राहतात. उन्हाळ्यात भेगेत बोट जायचं. जूनमध्ये अख्खा पंजा जायला लागला. "काकाजी, मशीन चालवली का भिंतीतून माती गळून राहिली," ती म्हणाली.

गल्लीत पुढारी दोन. शेजारचे रिटायर मास्तर आणि समोरचा हार्डवेअरवाला. दोघांचे झेंडे वेगळे. निवडणुकीपासून एकमेकांच्या दारचा चहाही बंद. भिंत मात्र दोघांनाही हवी होती. अडलं ते सहीवर. "त्यांच्या खाली माही सही? जमत नाही गा!" हार्डवेअरवाला उखडला. मास्तरांनी तेच शुद्ध मराठीत ऐकवलं.

मग मी डोकं चालवलं. अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चहाची बशी उपडी ठेवली, पेन्सिलीनं गोल काढला आणि त्याच्या कडेनं सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. मास्तरांनी स्वतःचा पेन समोरच्याला दिला, दोघं हसलेसुद्धा. मला वाटलं, जिंकलो!

महापालिकेच्या झोन ऑफिसातल्या बाबूनं कागद चहूबाजूंनी फिरवला. "अर्जदार कोण, काकाजी? कम्प्युटरमध्ये एक नाव टाका लागते." अर्ज परत. अहो, नोकरीत मी स्वतः असे किती अर्ज परत केले असतील! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

पुन्हा बैठका, पुन्हा अर्जदार कोण यावर भांडण. चार दिवस गेले. रोज दुपारी आभाळ काळंठिक्कर व्हायचं, वारा पडायचा, वर कुठंतरी पाऊस झाला की नाला फुगून खालून भिंतीला धडका द्यायचा.

पाचव्या दिवशी बाईच आली. "अर्जदार म्हणून माहं नाव टाका."

आम्ही तिघांनी जुना अर्ज उलटून पाहिला. त्या गोलात तिची सही नव्हतीच.

"आधी काहून नाही बोलली वं?" हार्डवेअरवाल्यानं विचारलं.

"मले कोणी विचारलं का?"

नवा अर्ज लिहिला. तिनं सही केली, तिच्याखाली या दोघांनी मुकाट्यानं केल्या, आणि आम्ही तिघं एकाच ऑटोत झोन ऑफिसात गेलो. बाबू या वेळी भला वागला. 'धोकादायक, टेकू लावावेत' असा शेरा मारून त्यानं पोचपावती दिली. "चार दिवसांत टेकू लागतील," म्हणाला.

परत आलो तर गल्लीत माणसंच माणसं. भिंत नाल्यात गेली होती, सोबत शिवणाची खोलीही. मायलेकी रस्त्यावर उभ्या होत्या, धडधाकट, पण लेकीचे दात वाजत होते. बाई कोणाकडंच बघत नव्हती. मी पोचपावती पुढं केली.

"टेकू कधी लागतील म्हणाले?" शेरा वाचून तिनं विचारलं.

मास्तर आणि हार्डवेअरवाला नाल्याकडं बघत राहिले.

"चार दिवसांत," मी म्हणालो, आणि वाटलं, जीभ झडावी.