फोटोच्या खोलीतल्या ताईबाई

...तर काल पुना पाटलांच्या फेट्यापाशी गोष्ट अडली होती. पाटील काही केल्या फेटा काढेनात. "फोटू काढाना आन् बोडका? सोयरा काय म्हनतीन?" मगन कंपाउंडरनं हात जोडले. हा फोटो छातीच्या हाडांचा आहे, ह्यात फेटाच काय, अंगरखाही दिसत नाही, असं नाना परीनं सांगून पाहिलं. पाटील ढिम्म. शेवटी ताईबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "आबा, फेटा मनाजोडे द्या. मी मांडीवर लिसन बससू. खाले नही टेकाडाव." तेव्हा कुठं पाटील टेबलावर आडवे झाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो उमटलेली काच खिडकीपुढं धरून त्यांना त्यांच्या बरगड्या दाखवल्या. पाटलांनी मान तिरकी करकरून न्याहाळलं आणि निकाल दिला, "हाऊ मी नही शे. याले मिशा कोठे शेतस?"

हसा, खुशाल हसा. पण तो फेटा ज्यांनी मांडीवर सांभाळला, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे. कारण धुळ्यात हाडांचे फोटो काढणारं यंत्र आलं, ते सगळ्यांना ठाऊक. त्या यंत्रापासून माणसं सांभाळायची कशी, हे त्या दवाखान्याला शिकवताना एका बाईच्या हाताची काय गत झाली, ते थोड्यांनाच ठाऊक.

ताईबाई मूळच्या साक्रीकडच्या, डोंगराच्या पायथ्याच्या. नवरा तरणाताठा गेला, तेव्हा पोरीला कडेवर घेऊन त्या धुळ्याला आल्या आणि पांझरा नदीपलीकडं देवपुरात एका धर्मादाय दवाखान्यात आया म्हणून लागल्या. अंगानं किरकोळ, चालणं तुरुतुरु. पण त्यांच्या हाताला काहीतरी होतं. तापानं बरळणाऱ्या बाईच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला की ती गप्प व्हायची. पुराणिक डॉक्टर म्हणायचे, "माझं औषध उतरायला घटका लागते, ताईबाईंचा हात लगेच उतरतो."

एकोणीसशे चौतीस साली ते यंत्र आलं. दवाखान्याच्या मागं तेलाचं इंजिन धडधडायला लागलं, की आतल्या अंधाऱ्या खोलीत तारा तडतडायच्या आणि निळसर ठिणग्या दिसायच्या. मगन लाकडी आडोशामागून कळ दाबायचा. पुरुष माणसं मन घट्ट करून आत जात. बायका मात्र उंबऱ्यातच अडायच्या. आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. आजारी बाईला एकटी सोडत नाहीत, आणि परक्या पुरुषाच्या हवाली तर मुळीच करत नाहीत. खुद्द डॉक्टरांनी शब्द टाकला, "ताईबाई, तुम्ही तेवढं त्यांचा हात धरून उभ्या राहा."

झालं. तेव्हापासून यंत्राखाली कुणीही बाई निजली, की तिच्या उशाशी ताईबाई. एक हात तिच्या हातात आणि तोंडानं चाललेलं, "मी आठेच शे. घाबरू नको वो माय." पोर असलं तर ते हलू नये म्हणून त्याचा पाय त्याच दाबून धरायच्या.

त्यात आणखी एक गंमत झाली. फोटो हेच औषध, असं लोकांच्या डोक्यात बसलं. गुडघा धरलेल्या एका म्हातारीचा फोटो काढला, योगायोगानं आठवड्यात तिचा गुडघा मोकळा झाला. ती पुन्हा हजर. "मांगला फोटूनी गुन उना. आते दुसरा पायना बी काढा." मगन म्हणायचा, आजी, ह्यात औषध नाही. पण ताईबाईंना म्हातारीला रिकाम्या हातानं परत धाडवायचं नाही. "काढ रे भाऊ एक. तुना काय जास?" मगन काढायचा. ताईबाई हात धरून उभ्या.

अशी चार वर्षं गेली. ताईबाईंच्या बोटांची कातडी हळूहळू वाळली, काळवंडली, तिला भेगा पडल्या. नखं ठिसूळ होऊन तुटायला लागली. उजव्या हाताच्या तर्जनीवर एक चट्टा पडला तो भरून येईना. ताईबाईंनी सगळं खापर फरशी पुसायच्या फिनेलवर फोडलं. रात्री खोबरेल आणि हळद लावून त्या चिंधी बांधायच्या, सकाळी सोडून कामाला लागायच्या.

अडतीस साली डॉक्टर मुंबईला गेले होते. तिथं एका मोठ्या इस्पितळात त्यांना असंच यंत्र चालवणारा एक म्हातारा भेटला. त्यानं नमस्काराला हात जोडले, तर उजव्या पंजावर अंगठ्याशिवाय काही नव्हतं. यंत्र नीट चाललंय का, हे तो वर्षानुवर्षं स्वतःचाच हात मध्ये धरून पाहत आला होता. डॉक्टरांनी तिथून पहिली गाडी पकडली. धुळ्याच्या स्टेशनावर उतरले ते घरी न जाता टांगा थेट दवाखान्यात.

"ताईबाई, हात बघू."

"धुयेल शेत साहेब."

"असू देत. दाखवा."

डॉक्टरांनी हात उजेडात धरला. एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं. ताईबाई ओशाळून म्हणाल्या, "ते फिनेलनी व्हयेल शे. तेल लावस मी."

"फिनेलनं नाही. त्या यंत्रातून जो उजेड निघतो ना, डोळ्याला न दिसणारा, त्यानं झालंय. चैत्राच्या उन्हानं तळ्यातली माती फुटते तसं. एका दिवसात कळत नाही. आजपासून यंत्र चालू असताना तुम्ही त्या टेबलापाशी उभं राहायचं नाही."

एवढ्या बोलण्यातलं ताईबाईंनी शेवटचंच ऐकलं. दुपारी त्यांनी मगनला गाठलं.

"मना काय चुकनं, भाऊ?"

"तुमचं काही चुकलं नाही अक्का. चुकलं यंत्राचं. पण यंत्राला कोण बोलणार? ते साहेबांचं लाडकं."

"मंग माले काय काढं?"

मगन औषधाच्या बाटल्या पुसायला लागला.

डॉक्टरांनी सुतार बोलावला. मगनचा आडोसा वाढवून घेतला, त्याला आतून शिशाचा पत्रा ठोकला, बघायला जाड काचेची झडप ठेवली. मगन आणि ताईबाई दोघांनीही यंत्र चालू असेपर्यंत त्यामागंच बसायचं, आणि गरज नसताना एकही फोटो काढायचा नाही, असं ठरलं. सगळं चोख झालं. फक्त बायका काही निजेनात. टेबलावरून ताईबाई दिसत नाहीत म्हटल्यावर, मनगट मोडलेली एक बाई तशीच उठली आणि हाड बसवणाऱ्या वैदूकडं चालती झाली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. ताईबाईंचा जीव तुटायला लागला. हात आपला जळतोय हे एव्हाना त्यांना कळलं होतं, पण ह्या बाया जन्माच्या पांगळ्या होतील हेही दिसत होतं.

एकदा डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. टेबलावर एक कोवळी पोर, घाबरून टेबलाची कड घट्ट धरून होती. ताईबाई आडोशामागून उठल्या आणि तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अक्का, मागं या. नाहीतर मी कळ दाबत नाही."

"दाब म्हनस ना."

"साहेब मला जिता ठेवायचे नाहीत."

"मी सांगसू साहेबले. दाब."

मगननं हात आखडून घेतला तो घेतलाच. तेवढ्यात दारात डॉक्टर. काय चाललंय ते त्यांना न सांगता कळलं. ताईबाई वाट बघत होत्या की आता हे ओरडणार. डॉक्टर ओरडले नाहीत. बाकावर बसले. म्हणाले, "त्या जागी तुम्हाला मीच उभं केलं, ताईबाई. चूक माझी. ते एक बोट मला काढावंच लागणार आहे. बाकीची मला राखायची आहेत. राखू देणार की नाही?"

डॉक्टर माणूस आपल्यापाशी असं मागताना ताईबाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. त्याच आठवड्यात त्यांची तर्जनी काढली.

हाताला पट्टी असतानाच असोद्याच्या बेबाबाई आल्या. त्यांची सून कमलबाई केळीच्या बागेत पाण्याच्या पाटावरून घसरून मांडीचं हाड मोडून बसली होती, आणि गावच्या वैदूनं ते वाकडंच बसवलं होतं. गाडीबैलानं जळगाव, तिथून रेल्वेनं चाळीसगाव, तिथं गाडी बदलून धुळं, असं त्यांनी तिला आणलं. मुलगा नथ्थू बायकोला पाठुंगळी घेऊन आणि बेबाबाई सगळ्या वाटेनं बोलत. डॉक्टर म्हणाले, फोटो पाहून हाड पुन्हा नीट बसवलं तर ही चालेल, नाहीतर जन्मभर काठी.

टेबलापर्यंत सगळं ठीक झालं. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता सगळ्यांनी बाहेर.

"मी नाही जानार," बेबाबाई म्हणाल्या. "परक्याची लेक हाय. तिले एकटी टाकली तं तिची माय मले काय म्हनीन?"

"आई, घटकाभराचं काम आहे," डॉक्टर म्हणाले.

"घटकाभरात मानूस मरते बी."

"आत कुणालाच थांबता येत नाही."

"मंग आमी जातो. नथ्थू, उचल हिले."

नथ्थू आईकडं बघे, बायकोकडं बघे. कमलबाई टेबलावर डोळे मिटून रडत होती. ताईबाईंचे पाय आपोआप टेबलाकडं निघाले. तिथं जाऊन हात धरायचा, की सगळं सुरळीत. चार वर्षं तेच केलं होतं. डॉक्टर त्यांच्याकडं बघत होते. ताईबाई थांबल्या. मग वळून बेबाबाईंपाशी गेल्या आणि पट्टीचा हात त्यांच्यापुढं धरला.

"अक्का, मी बी मझार थांबत नही. देखा मना हात. आठे बठ्ठ्या बायास्ना हात धरी धरी असा व्हयना. तुमना हात चांगला शे, तो आसाच ऱ्हाऊ द्या."

बेबाबाईंनी हात पाहिला. कमी झालेलं बोट पाहिलं. पण हार मानायचा स्वभाव नव्हता. घुश्शातच म्हणाल्या, "सहा लेकरं वाढवली मी. चुलीपुढं बसून झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याले बांधो. लेकरू दिसे नाही, पन हाललं की मले समजे. तुमच्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात एक दोरी बी नाही काय?"

टोमणाच होता तो. मगन हसायच्या बेतात होता. पण डॉक्टर कपाटाकडं गेले, बँडेजची गुंडाळी काढली आणि विचारलं, "ही चालेल का, आई?"

पट्टीचं एक टोक कमलबाईच्या मनगटाला बांधलं. दुसरं टोक आडोशाखालून पलीकडं काढलं. तिथं बेबाबाई आणि ताईबाई दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या. ताईबाईंनी पट्टी हलकेच ओढली. पलीकडून कमलबाईनं ओढली.

"हालली," बेबाबाई म्हणाल्या. "माही सून हालली."

इंजिन धडधडलं, तारा तडतडल्या. बेबाबाईंनी पट्टी ओढली, कमलबाईनं ओढली, पुन्हा बेबाबाईंनी. काच धुऊन आली तेव्हा तिच्यावर मांडीऐवजी नुसता धुरकट ढग.

"काकू," मगन म्हणाला, "फोटो काढायचाय, पतंग नाही उडवायचा."

मग ताईबाईंनी रीत लावून दिली. आधी ओढायची, नंतर ओढायची, मधल्या वेळात नुसती ताणून धरायची. ताणलेली आहे म्हणजे माणूस पलीकडं आहे. दुसऱ्या वेळी हाड असं स्वच्छ आलं, की डॉक्टरांनी ती काच दोनदा पाहिली. कमलबाईचं हाड पुन्हा बसवलं. दोन-अडीच महिन्यांनी ती आपल्या पायांनी स्टेशनावर गेली, आणि बेबाबाई तिच्या मागं "सावकाश चाल वो, सावकाश चाल" करत. त्या दिवाळीला असोद्याहून दवाखान्याला केळीचा एवढा मोठा घड आला, की बाळंतिणींच्या खोलीतसुद्धा दोन दिवस केळी.

त्यानंतर बायका निजेनात असं कधी झालं नाही. नवी बाई आली की ताईबाई तिच्या मनगटाला पट्टी बांधायच्या, "मी वढसू, तू वढजो," म्हणायच्या आणि आडोशामागं जाऊन बसायच्या. आणि दाराशी तर त्यांचा असा जागता पहारा, की विचारू नका. नवी नर्स थांबली, हाकलली. कुणा रोग्याचा मोठा अंमलदार भाऊ आत शिरला, त्यालाही हाकलला. एकदा डॉक्टरच काहीतरी बघायला टेबलापाशी रेंगाळले, तर आडोशामागून आवाज आला, "साहेब, भाहेर." साहेब मुकाट बाहेर. मगन म्हणायचा, ह्या खोलीत दोनच गोष्टी चालतात, एक यंत्र आणि दुसऱ्या अक्का, आणि यंत्र तरी मधूनच बंद पडतं.

ताईबाईंचा हात पुढं बिघडला नाही. डाग राहिले, पण दुसरं बोट गेलं नाही. त्यांनी पोरीचं लग्न लावलं, नात झाली.

सत्तेचाळीस साली पुराणिक डॉक्टर दवाखाना सोडून गावी जायला निघाले. शेवटच्या दिवशी ते ताईबाईंच्या खोलीवर आले. एवढा मोठा माणूस, पण पाटावर बसला. ताईबाईंनी चहा केला. डॉक्टरांनी कप हातात घेतला, पण पिईनात. म्हणाले, "ताईबाई, इतक्या वर्षांत कितीक जणांना बरं केलं असेल, पण जाताना मला तुमचं ते बोटच दिसतंय. तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत. आज तरी बोला."

ताईबाईंनी आपल्या हाताकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं, आणि म्हणाल्या, "साहेब, आज सकायमा मी नातनी वेनी घाली. ती म्हने, आजी, इतला जोरमा नको वढू, डोकं दुखस. मना हातमा हाऊ इतला जोर तुमीच राखी दिधा ना. आते चहा प्या, गार व्हयी ऱ्हायना."