दुसरं उत्तर

फुटकं कौल गळ्यात अडकवून मी वखारीच्या दारात उभा होतो. कौलाला तार बांधायचं भोक असतं. त्यातून सुंभ ओवून मॅनेजरांनी स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात घातला होता. सकाळचे नऊ वाजले होते. रस्त्यावरून बंदरावर जाणाऱ्या बायका, गाडीवाले, शाळेचे मास्तर. सगळे बघत होते.

"याच्या कानावर भरवसा ठेवला की हे असं होतं," मॅनेजर म्हणाले. "उभा राहा. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे."

मी चांगलं म्हणून दिलेलं हे कौल परत घेऊन आलेला गाडीवाला बिचारा सांगत होता, "सायबानू, गाडी धोंड्यार चढली, तेवा फुटला ता." कोण ऐकतो!

मी दुपारपर्यंत उभा राहिलो. मला कुणी बांधलं नव्हतं. हात मोकळे होते. सुंभ काढायला किती वेळ लागतो? तीस वर्षांचा, लग्न झालेला, मिशी राखलेला माणूस मी. मान खाली घालायची तर हनुवटीला कौल लागायचं, म्हणून मान ताठ ठेवून उभा. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, याचा सत्कार चाललाय.

आमचं काम असं. मंगलोरहून मचव्यांनी कौलं मालवणात उतरायची. विकायच्या आधी एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवायचं. चांगलं असेल तर खणकन बोलतं. आत बारीक चीर असेल तर भद्द. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते. माझे वडील हेच करायचे, त्यांच्याकडून मी शिकलो. त्या कामात मी चांगला होतो. हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली ते विचारू नका.

मॅनेजर मालकांचे मेहुणे. शहरात शिकलेले, इस्त्रीचे कपडे. कौल कधी वाजवलं नाही, पण माझ्या पाठीशी येऊन उभे राहायचे. वहाणांची करकर ऐकली की माझे हात गार. मी म्हणायचो, "चांगलं." मागून हळूच यायचं, "नक्की?" मी परत वाजवायचो. "नक्की?" तिसऱ्यांदा मला खरंच भद्द ऐकू यायचं. "फुटकं असेल साहेब." मग ते हमालांकडे वळायचे, "बघा! एका कौलाला याची दोन उत्तरं." हमाल हसायचे. मीही हसायचो. माझ्यावर हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

रोग घरात शिरला. चुलीवरचं माशांचं कालवण ढवळत बायकोने विचारलं, "तिखल्यात मीठ पडला?" म्हटलं, "पडला." "बरा बघा हां." लगेच म्हटलं, "नाय वाटता." तिने आणखी मीठ घातलं. त्या रात्री कुणी जेवलं नाही.

गळ्यातल्या त्या कौलानंतर मी दुसरं काम शोधायला निघालो. कुडाळात पेद्रू मेस्त नवी वखार काढत होते. मेस्त म्हणजे सुतार. आता छपरांची कंत्राटं घेणारे, धंद्यात केस पिकलेले. एसटीने गेलो. मेस्तांनी पाच कौलं पुढे ठेवली. "वाजय बघुया."

मी वाजवली. तिसरं फुटकं. बाकी चार चांगली. ऐकायला मला श्वासाइतकाही वेळ लागला नाही.

"नक्की मां?" मेस्त म्हणाले. सहज. बिडी पेटवता पेटवता.

आणि मला पाठीमागे वहाणांची करकर ऐकू आली. कुडाळात! घाम फुटला. म्हटलं, "नाय... तिसरा बरा असात. पाचवा फुटका वाटता."

मेस्तांनी बिडी खाली ठेवली. "अरे, पयला सांगलंस ता बरोबर होता. मगे फिरलंस कित्याक?"

मी तिसरं कौल उचलून बाजूला ठेवलं.

"कान बरो आसा तुजो. पण माका छपरार माणसा चडवची आसत रे. एकदा हय, एकदा नाय म्हणणारो माणूस माका कसो चलतलो? जुन्या जाग्यावरची चिठ्ठी हाड. मगे बघुया."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्येका कौल वाजवूक येणा नाय, तेका तुमचो कान गेलो ह्या कळला कसा?"

इतकी वर्षं हा प्रश्न मला पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांकडे कुडाळच्या कामासाठी चिठ्ठी मागायला गेलो. टेबलाला टेकून उभा राहिलो. मॅनेजर गोड हसले. हमालांना हाक मारून बोलावलं.

"देतो की चिठ्ठी. आधी यांच्यासमोर म्हण, माझा कान गेलेला आहे. मग कुडाळला जा, नाहीतर काशीला."

एवढंच तर म्हणायचं होतं. रोज म्हणत होतो. तोंड उघडलं, "माझा" म्हटलं. पुढचा शब्द जिभेवर आला होता. सगळे थांबले होते.

"माझा कान चांगला आहे," मी म्हटलं. आवाज मांजराच्या पिल्लासारखा निघाला.

"काय?"

"चांगला आहे. चिठ्ठी नको."

कुणी हसलं नाही. मी बाहेर पडलो, तेव्हा शौर्य वगैरे काही वाटलं नाही. वखारीच्या मागे जाऊन ओकलो. घरात दोन मुलं, हातात काम नाही, आणि भीती होती तेवढीच.

तसाच कुडाळला गेलो.

"चिठ्ठी हाडलंस?" मेस्तांनी विचारलं.

"नाय. आनि हाडूचंय नाय."

"मगे तुजी खात्री कोण देतलो?"

"मीच."

 मेस्त काय म्हणतील ते मला माहीत नव्हतं.  पण ठरलं होतं. ते नाही म्हणाले तर वेंगुर्ला, तिथे नाही म्हणाले तर सावंतवाडी. माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला आजवर मॅनेजरांना मीच सापडत होतो. यापुढे त्यांनी दुसरा साक्षीदार शोधावा.