हेमांगीने हट्टाने राखलेला इतिहास

हेमांगीचं एक खूळ होतं. कोडची एकही ओळ बेवारस होऊ द्यायची नाही. गुरुग्रामच्या तिच्या कंपनीत पाच विभागांचं कोड पाच वेगळ्या रेपोंत, म्हणजे कोडच्या कोठारांत, होतं. वरून हुकूम आला, सगळं एका रेपोत आणा, जुने बंद करा. मॅनेजर शशिकांत म्हणाला, फायली उचला, नव्या जागी टाका, चलो, झालं. पण ही बाई हटून बसली. असं केलं तर कोणती ओळ कुणी, कधी, का लिहिली हे सगळं पुसलं जाईल. तिची स्वतःची इतक्या वर्षांची मेहनतही त्यातच होती, आणि बढती तोंडावर आली होती. शेवटी शशिकांतने हात टेकले.

तीन रेपो नावांसकट, तारखांसकट एकत्र आले. त्याच सुमारास कंपनीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका इस्पितळाची नोटीस आली: एका पेशंटचे रिपोर्ट दुसऱ्याला जातात. शशिकांतने चुकीच्या ओळीचा इतिहास उघडला. नाव निघालं हेमांगीचं.

ओळ होती सुजयची. काही वर्षांपूर्वी यूपीएससीचे सगळे प्रयत्न संपवून दिल्लीत मुनिरक्याच्या खोलीत बसलेला हा मुलगा. हिनेच त्याला कंपनीत चिकटवलं, आर. के. पुरमच्या आपल्या घरी जेवू घातलं. नव्या माणसाला कोड चढवायची परवानगी मिळायला वेळ लागे, म्हणून तोवर सीनियरच्या लॉगिनवरून काम चालवायची तिथे रीतच होती. सुजयचं पहिलं काम हिच्या नावावर चढलं. करायला गेलं काय अन् वरती झाले पाय!

मीटिंगमध्ये तिने खरं ते सांगितलं. सगळ्यांनी सुजयकडे पाहिलं. आता तो टीम लीड होता. एरवी तिच्याशी मराठीशिवाय बोलायचा नाही.

"नाम तो मैम का ही है, सर," तो म्हणाला. "हिस्ट्री रखने की ज़िद भी इन्हीं की थी."

हेमांगीला त्याचा राग नंतर आला. आधी स्वतःचीच लाज वाटली.

नोकरी गेली. संध्याकाळी कंपनीचं कार्ड, लॅपटॉप जमा करून ती खाली कॅबची वाट बघत उभी होती. सुजयचा फोन आला.

"ताई, उरलेले दोन रेपो माझ्याकडे आलेत. इतिहास न तुटता कसे जोडायचे, जरा सांगता का?"

आणि त्या वेडीने सांगितलं! अगदी पहिल्यापासून, नीट.

"अच्छा. आणि ताई, जोडणाऱ्याचं नाव माझंच येईल ना?"

"येईल," ती म्हणाली.