दामूचा अख्खा नारळ

दामूची शेवटची भेट उल्हासनगरच्या इस्पितळात झाली. आवाज पार खाली गेला होता. मी खुर्ची ओढून बसलो, आजाऱ्याला भेटायला गेल्यावर करतात तसा चेहरा केला, तर हा शेजारच्या खाटेवरच्या सिंधी काकांना म्हणतो, "काका, हाच तो. जपानमध्ये हात धुवायचं पाणी प्यायलेला." काकांनी सलाईन सांभाळत मान वळवली. "साईं, सच में पी गये?" मग काय, मला क्योतोची सगळी कथा सांगावी लागली. दामू डोळे मिटून ऐकत होता आणि मी स्वतःला वाचवायला लागलो की एक डोळा उघडत होता... चार दिवसांनी तो गेला.

आम्ही अंबरनाथच्या एकाच कारखान्यात. मी पश्चिमेच्या चाळीतला, तो बदलापूर गावातला, घरची भातशेती असलेला. ऐंशीच्या दशकात कंपनीने नवं मशीन घेतलं आणि ते शिकायला आम्हा दोघांना ओसाकाला धाडलं. दामूचा पाय निघत नव्हता. सुमनवहिनींना सातवा लागला होता आणि आधी दोनदा पदरात काही पडलं नव्हतं. निघताना त्याच्या आईने एक नारळ त्याच्या हातात दिला. "तथं मोठं देऊल दिसंल ना, तथं सुमनच्या नावानं यो फोर. तवर मासली तोंडात घालू नको." विमानतळावर कस्टमवाल्याने तो नारळ कानाशी धरून हलवला, वास घेतला, साहेबाला बोलावलं. साहेबानेही हलवला. दामू घाबरून म्हणत होता, "हळू हो, हळू!"

सुट्टीच्या पहिल्याच रविवारी आम्ही क्योतो गाठलं. पहिल्या देवळाच्या दारात दगडी कुंड, त्यावर बांबूच्या पळ्या. मी म्हटलं, दामू, तीर्थ! तीन वेळा ओंजळीत घेऊन प्यायलो, उरलेलं डोक्यावर शिंपडलं. मागे शाळेच्या मुलींची रांग होती. मी बुद्धाच्या देशातला माणूस, मला नक्की माहीत असणार, असं त्यांना वाटलं असावं. एकेक जण पाणी प्यायची आणि डोक्यावर शिंपडायची. त्यांच्या बाई धावत येईपर्यंत निम्म्या मुली ओल्या झाल्या होत्या.

नारळ फोडायला मात्र जागा मिळेना. पायऱ्यासुद्धा लाकडाच्या. दुसऱ्या देवळात अंगणभर पांढरी खडी, तिच्यावर फणीने ओढल्यासारख्या रेघा आणि मध्ये सुंदर काळे दगड. ओटीवर माणसं चिडीचूप बसलेली. "एवढे दगड कशाला मांडलेत? आण तो," असं म्हणून मी खडीत पाऊल टाकलं. ओटीवरून असा काही श्वास ओढल्याचा आवाज आला की मी एका पायावर थिजलो. एक म्हातारे पुजारी आले. आता पोलीस, मी मनात म्हटलं. तर ते मलाच वाकून नमस्कार करू लागले आणि मी एका पायावर त्यांना.

दामू पुढे झाला. भाषा येत नव्हतीच. त्याने हाताने पोटाचा आकार दाखवला, आकाशाकडे बोट केलं, हात जोडले, नारळ पुढे धरला... त्याचे डोळे भरले होते. पुजाऱ्यांनी दोन्ही हातांनी नारळ घेतला, आत नेऊन बुद्धासमोर ठेवला आणि घंटा वाजवली. दामू माझ्या कानात म्हणाला, "अरे, फोडायचाय तो!"

"मग माग परत."

"देवापुढचा उचलू?"

जेवायला बसलो तरी त्याचं तोंड उतरलेलंच. नवस अर्धाच झाला होता, म्हणजे मासळी बंद. मी कागदावर मासा काढला, त्यावर ऐटीत काट मारली आणि हॉटेलच्या बाईंना दाखवला. त्या खुशीने हसल्या आणि मासा मधोमध कापून घेऊन आल्या. दोन्ही तुकडे मी खाल्ले. दामूने गरम पाण्यातलं पांढरं, बिनमिठाचं टोफू खाल्लं आणि म्हणाला, "चल. मी मागून आणतो."

परत गेलो. नारळ तिथेच होता. कोणीतरी त्याच्याखाली घडी केलेला कागद ठेवला होता, बाजूला एक फुलाची फांदी. दामू हात जोडून उभा. मी कोपराने ढोसलं तर हळूच म्हणाला, "राहू दे. तिकडे घरी पण अजून काही फुटायला नको. अख्खाच बरा."

मंगल आमच्या परतीआधी झाली, दिवस भरून, ठणठणीत. आजीने दारातच विचारलं, "फोरलास ना?" दामू म्हणाला, "नाही गं, ठेवून घेतला त्यांनी." म्हातारी नातीकडे बघत म्हणाली, "त्यांचा देव त्यांना ठावं."

परवा बदलापूरला गेलो. चहा झाला, वहिनींशी बोलायला शब्द मिळेनात, म्हणून उठलो. बाहेर माझ्या चपला जोडीने, रस्त्याकडे तोंड करून लावलेल्या. जपानहून दामूने ही एकच सवय आणली होती. पाहुणा आत बसला की जाऊन त्याची पायताणं फिरवून ठेवायची, निघताना त्याला सोपं पडावं म्हणून. गाव हसायचं, मी सगळ्यांत जास्त. मंगल दाराआड उभी होती. आता मोठी झाली आहे, बापाचंच नाक.

"तू लावल्यास?"

तिने मान डोलावली.

मी वाकलो, चपला पुन्हा घराकडे तोंड करून ठेवल्या आणि आत जाऊन बसलो. म्हटलं, "मंगल, अजून एक चहा टाक."