नवऱ्याच्या सहीवाचून

अर्जदार: मुळगावची एक सून. प्रतिपक्ष: डिचोलीतील एक खाजगी दवाखाना. काळ: गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमाराचा. साक्षीदार: अर्जदाराची सासू आणि प्रस्तुत लेखक, मामलेदार कचेरीसमोरील अर्जनवीस. नावे सकारण गाळली आहेत.

सून नवऱ्यासोबत आखातात राहत होती. पहिल्या बाळंतपणात तिचे काळीज अधू झाले होते, आणि आता पुन्हा दिवस राहिले. जिवावर बेतल्याखेरीज तिथला कायदा गर्भ काढू देत नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. नवऱ्याने तिला गावी धाडले. त्याचा स्वतःचा पासपोर्ट मालकापाशी अडकलेला. आपल्याकडचा कायदा मोकळीक देत होता, परंतु दवाखान्याच्या कंपाउंडरने नवऱ्याची सही मागितली. टपालाने ती येईपर्यंत उशीर झाला असता.

दोघी माझ्या मेजापाशी आल्या. नवरा परदेशी असला म्हणजे घरच्या वडीलधाऱ्याचा अंगठा घेण्याची आमच्या धंद्यात रीत आहे. त्यानुसार मी सासूच्या नावे संमतिपत्र रचू लागलो. 'सदरहू गर्भवती' इथवर वाचून दाखवताच म्हातारी म्हणाली, "बाबा, हिला धाप लागते तें आधी लिही. तुझें सदरहू मागीर."

सून हसली, आणि तेवढ्यानेही तिला धाप लागली. मी लेखणी भराभर चालवली.

दोघींसोबत मीही दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझा कागद पूर्ण वाचला, हे नमूद करणे अवश्य आहे. "कायद्याला हिची एकटीची सही पुरते," त्या म्हणाल्या. "नवऱ्याची आम्ही आमच्या भीतीपोटी घेतो. उद्या तो दारात येऊन भांडला तर?"

"येऊं दे," सासू म्हणाली. "त्याला जन्म मीच दिलाय. तुमच्या दाराआधी माझें दार लागतें त्याला."

बाईंनी माझा कागद बाजूला ठेवला आणि दवाखान्याचा संमतीचा कागद सुनेपुढे सरकवला. तिने सही केली तेव्हा सासूने तिचा डावा हात धरला होता; आत नेईपर्यंत तो सोडला नाही. संध्याकाळी सुनेने पेज मागितली. म्हातारी बाहेर येऊन ओसरीवर बसली व पदराने तोंड पुसून म्हणाली, "वाचली रे माझी बाय."

अजूनही सीमेपलीकडून, सावंतवाडीकडून आलेल्या बायका सहीअभावी परततात. सबब तमाम खाजगी दवाखान्यांस विनंती की, सज्ञान स्त्रीपाशी तिचीच सही मागावी, आणि तसे करणार की नाही हे लेखी कळवावे. मी कचेरीसमोरच बसतो.