सदतिसावं पान

ज्ञानाच्या शोधात निघालेला माणूस देश, धर्म आणि भाषा यांच्या सगळ्या भिंती ओलांडून जातो. आमच्या बाबतीत त्यासाठी विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमधली एक किल्ली लागायची. टेलिफोनच्या डायलला कुलूप होतं आणि किल्ली फक्त शनिवारी दुपारी मिळत असे.

ऐंशीचं दशक संपलं होतं आणि पंजाबात गोळ्या चालतच होत्या. चंदीगड त्यातल्या त्यात शांत, असं आम्ही घरी पत्रांत लिहायचो. चौकाचौकांत वाळूची पोती होती, बसमध्ये बेवारशी वस्तूला हात लावू नका अशा पाट्या होत्या, आणि संध्याकाळी लोक दिवेलागणीच्या आधी घरी पोचत. विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे एक मराठी संशोधक होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरला टेलिफोन जोडला होता. शनिवारी तो दिल्लीच्या मशीनला फोन लावायचा आणि जगभरच्या हौशी लोकांची विज्ञान-गणितावरची चर्चा उतरवून घ्यायचा. कोणी विचारायचं, आरशात डावं-उजवं उलटतं तर वर-खाली का उलटत नाही. आठ दिवसांत पाच-सहा लोक त्यावर भांडून जायचे. संशोधक ते सगळं दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांब कागदावर छापत आणि रविवारी सकाळी त्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही ते पोह्यांबरोबर वाचत असू.

आम्ही म्हणजे चौघं. संशोधक. मेडिकल इन्स्टिट्यूटमधले भूल देणारे एक डॉक्टर, जे शुद्धीवरच्या माणसांशी बोलतानाही तीच पद्धत वापरत. मी, आणि आमच्या ऑफिसातले काका. आम्ही दोघं केंद्र सरकारच्या जमीन मोजणीच्या खात्यात होतो. मोजणीची गणितं हातानं करणाऱ्या माणसाच्या पदाला आमच्याकडे कॉम्प्युटर म्हणत. काका सीनियर कॉम्प्युटर, मी ज्युनियर. काका वर्ध्याकडचे, एकटे, मार्चअखेर निवृत्त होणार होते.

नोव्हेंबरात एका कागदावर एक प्रश्न आला. कोणतीही संख्या घ्या, तिची उलटी करून तिच्यातच मिळवा. येईल ती पुन्हा उलटवा, पुन्हा मिळवा. कधी ना कधी दोन्हीकडून सारखी वाचता येईल अशी संख्या मिळते. सत्तावन्न आणि पंच्याहत्तर, एकशे बत्तीस. त्यात दोनशे एकतीस, तीनशे त्रेसष्ट. झालं. पण एकशे शहाण्णव घेतलं तर तसं होत नाही म्हणतात. कोणी शेवटपर्यंत गेलं आहे का?

"शेवटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत?" डॉक्टर म्हणाले.

"सरळ होतपर्यंत," काका म्हणाले. त्यांनी कागदाचा तो तुकडा फाडून खिशात ठेवला.

पुढच्याच शनिवारपासून बाहेरगावी फोन लावायची सोय बंद झाली. सुरक्षेसाठी, असं सांगण्यात आलं. प्रश्न आमच्याकडे होता आणि उत्तरं दिल्लीत. आम्ही रविवारी जुनेच कागद वाचायला लागलो.

काकांनी वही घातली ती खात्याच्या शिस्तीत. एका पानावर एकच बेरीज, रोज एकच पान, तेही जेवणाच्या सुट्टीत. शाईनं लिहायचं, खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एक रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही-तारीख. खाली नवाचा ताळा, म्हणजे आकड्यांच्या बेरजेवरून केलेली पडताळणी. आणि दुसऱ्या माणसानं तेच गणित आपल्या वहीत स्वतंत्र करायचं, पहिल्याच्या वहीत न बघता. दोन्ही उत्तरं जुळली की पहिल्याच्या पानावर त्यानं सही करायची, 'स्वतंत्र तपासले'. दुसरा माणूस मी.

"रोज दोन-तीन करू की काका," मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो.

"काहून? तुले कुठं जायचं आहे?"

"निदान मार्चच्या आत व्हायला नको?"

"घाईनं केलेली बेरीज कोणाच्या कामाची नाही." मग म्हणाले, "छत्तीस वर्षं दुसऱ्याच्या शेतांचे कोपरे काढून राहिलो. हे एक माझं. तिकडनं, त्या कागदावरल्या लोकांतून कोणी 'बरोबर आहे' एवढं म्हटलं पाहिजे, मी खुर्चीवर असताना. मग झालं."

मी हो म्हणालो. मला त्यात काही फार वाटत नव्हतं, पण जेवणाच्या सुट्टीत दुसरं करायलाही काही नव्हतं. ऑफिसात बाकी बोलणं एकाच विषयावर व्हायचं: काल कुठे, किती, आणि बदली कधी. बदल्यांचे अर्ज जात होते, परत येत होते. आकडे निदान पुढे सरकत होते.

सदतिसाव्या पानाच्या दिवशी दुपारी मोहालीच्या बाजूनं स्फोटाची बातमी आली. ऑफिस लवकर सोडलं. काकांचं पान झालं होतं, माझं व्हायचं होतं. आम्ही मिळेल त्या बसमध्ये चढलो. पुढे नाक्यावर सगळ्यांना उतरवलं, रांगा लावल्या, पिशव्या उघडायला लावल्या. जवानानं काकांच्या डब्याच्या पिशवीतून वही काढली. पानांमागून पानं नुसते आकडे, त्याखाली तेच आकडे उलटे, आणि प्रत्येक पानावर दोन सह्या.

"ये क्या है? कोड है?"

"गणित है जी," काका म्हणाले.

"किस बात का गणित?"

"किसी बात का नहीं."

हे उत्तर त्या वर्षांत द्यायचं नव्हतं. आम्हाला बाजूला उभं केलं. दुसरा आला, तिसरा आला. शेवटी काकांनी त्यांना त्यांच्याच कागदावर सत्तावन्न करून दाखवलं. जवानानं एकदा आमच्याकडे बघितलं आणि एकोणसाठ स्वतः करून पाहिलं. ते तीन पायऱ्यांत सरळ झालं.

"और ये वाला?" त्यानं वही दाखवली.

"ये नहीं होता."

"तो कर क्यों रहे हो?"

काकांनी खांदे उडवले. जवान हसला. इतक्यात बस निघायला लागली, मी समोर होतो म्हणून त्यानं वही माझ्या हातात दिली, आणि काका त्यांच्या सेक्टरला आधी उतरले. वही माझ्याकडेच राहिली.

घरी पोचलो तेव्हा पाय दुखत होते आणि बायको दारात उभी होती. जेवण झाल्यावर मी माझी वही उघडली. छत्तिसाव्या पानावरची आमची जुळलेली संख्या वर लिहिली. तिच्याखाली तीच उलटून लिहायची होती. अठरा आकडे शेवटाकडून एकेक उचलायचे, बोट ठेवून. काकांची वही शेजारी उघडी होती आणि त्यांनी उलटवलेली ओळ तयार होती. मी ती उतरवून घेतली. बेरीज मात्र मी स्वतः केली, याचं मला त्या वेळी समाधान वाटलं. ताळा जुळला. उत्तर जुळलं. दुसऱ्या दिवशी सही केली.

"उलटून घेतली ना नीट? काल नाक्यावर सगळा घोळ झाला," काकांनी विचारलं.

"हो काका."

एकसष्टावं पान मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. काकांनी बेरीज केली, मी केली. अठ्ठावीस आकडे. काकांनी डावीकडून बोट सरकवलं, मी उजवीकडून, आणि दोन्ही बोटं मध्यावर भेटली. काकांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"झालं न रे?" ते म्हणाले.

रविवारी संशोधकांच्या मुलीला वाचायला दिलं. ती मराठी समजायची पण उत्तर हिंदीत द्यायची. तिनं दोन्हीकडून वाचलं आणि म्हणाली, "सेम है अंकल. पक्का सेम."

डॉक्टर उभे राहिले. त्यांना उभं राहूनच बोलता यायचं. "जग थकून सोडून देतं. आपण सोडत नाही. हा चिकाटीचा विजय आहे. मी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांशी बोलतो. शाल, श्रीफळ आणि सन्मानपत्र. सन्मानपत्राचा मजकूर मीच लिहीन."

"शाल नको," काका म्हणाले. "पाठवता येते का ते पाहा."

संशोधकांनी एकदाच विचारलं, मशीनवर तपासून पाहू का? एवढे मोठे आकडे मावायला नवा प्रोग्रॅम लिहावा लागेल, पण करू. डॉक्टर म्हणाले, दोन माणसांनी स्वतंत्र तपासलं आहे, प्रत्येक पानावर सही आहे, आणखी काय हवं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोहे खात होतो. मी मान हलवली.

फोनची सोय पुढच्या शनिवारी सुरू झाली. आम्ही चौघंही प्रयोगशाळेत गेलो. संशोधकांनी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या: चंदीगडहून, एकशे शहाण्णव, एकसष्ट पायऱ्या, ही संख्या. त्या मशीनची पद्धत अशी होती की आधी आपलं पाठवायचं आणि मग त्यांचं घ्यायचं. चर्चेत बहुतेक माणसंही तसंच करतात. आमच्या चार ओळी गेल्या. मग सबंध हिवाळ्याचं साठलेलं उतरायला लागलं आणि प्रिंटर तासभर किरकिरत राहिला.

डिसेंबरातल्या उत्तरांत एकानं लिहिलं होतं की त्यानं या प्रश्नावर मशीन महिनोन्‌महिने चालू ठेवलं होतं. संख्या लिहायला आता पुस्तक लागेल. सरळ झाली नाही. दुसऱ्यानं लिहिलं होतं, माझंही तेच.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

"त्याचं मशीन चुकलं असन," काका म्हणाले. "सुरुवातीलेच एखादा आकडा चुकला, तर पुढचं सारंच वाया. मशीनले काय समजते? ते करतच राहते."

हे म्हणणं तर्कानं अगदी बरोबर होतं. मी छापलेल्या कागदाच्या घड्या घालत राहिलो.

पुढच्या शनिवारी आमच्यासाठी एकच उत्तर आलं. एकसष्टाव्या पायरीची खरी संख्या, आणि तिच्यापुढे अपूर्णविरामाची दोन टिंबं आणि एक कंस. डॉक्टरांना ती छपाईतली चूक वाटली. संशोधकांनी सांगितलं की तिकडे तसं हसतात. रविवारी डॉक्टर आले नाहीत, त्यांना ड्यूटी निघाली. काकांनी ती संख्या आपल्या वहीशेजारी ठेवली, पहिलेच दोन आकडे पाहिले आणि वही मिटली.

"एक आकडा चुकला तरी पुढे काहीच जुळत नाही," संशोधक हळू म्हणाले. "कुठे चुकलं ते शोधू या."

"दोघांनी करून राहिलो न," काका म्हणाले. "दोघांनी वेगवेगळं."

त्या दुपारी घरी बसून मी पहिल्या पानापासून सगळं पुन्हा केलं. या वेळी खरोखर स्वतंत्र. बायकोनं विचारलं, ऑफिसचं आहे का? मी हो म्हणालो. छत्तीस पानं जुळली. सदतिसाव्यावर उलटवलेल्या ओळीत चार आणि सात यांनी जागा बदलल्या होत्या. आकडे तेच राहिल्यामुळे नवाचा ताळा बिनबोभाट जुळला होता. दोन शेजारचे आकडे इकडचे तिकडे झाले तर तो ताळा ते पकडत नाही, हे खात्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. म्हणून तर दुसरा माणूस ठेवतात.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी काकांना सांगितलं.

"काका, नाक्याच्या दिवशी मी ओळ उलटून घेतली नव्हती. तुमच्या वहीतली उतरवली."

त्यांनी चपाती खाली ठेवली. "कोणतं पान?"

"सदतीस."

त्यांनी वही काढली, पान काढलं, बोट ठेवून शेवटाकडून मोजलं आणि चार-सातवर थांबले.

"म्हणजे चूक माझीच," ते म्हणाले. "तू फक्त सही केली."

"पण मी बघितलं असतं तर—"

"हो. तू बघितलं असतं तर." त्यांनी पेन उघडलं. "मी विचारलं होतं तुले."

"विचारलं होतं."

ते रागावले असते तर मला घरी जाऊन बायकोला काहीतरी सांगता आलं असतं. त्यांनी चारवर एक रेघ मारली, सातवर एक रेघ मारली, वर बरोबर आकडे लिहिले, शेजारी सही आणि तारीख. मग वही माझ्याकडे सरकवली आणि मीही सही केली. सदतिसाची बेरीज त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर नव्यानं केली. अडतीस ते एकसष्ट या चोवीस पानांवर त्यांनी एकेक आडवी रेघ मारून प्रत्येकावर 'रद्द' लिहिलं. वही उलटी करून मागच्या टोकानं अडतीस पुन्हा सुरू केलं. मी दुसऱ्या दिवशीही माझी वही घेऊन बसलो. त्यांनी नको म्हटलं नाही आणि माझ्या पानाकडे बघितलंही नाही.

"पुढे तर होतच नाही म्हणतात ते," मी म्हणालो.

"माहीत आहे."

तीन पानं झाली. गुरुवारी महिना संपला.

निरोपाच्या कार्यक्रमात आमचे साहेब पाऊण तास बोलले. ते कॅपिटल कॉम्प्लेक्सला, म्हणजे सचिवालयाकडे, जायचे होते, पण नाका बंद असल्यामुळे थांबले होते. ते म्हणाले की छत्तीस वर्षांच्या सेवेत या माणसाच्या गणितात कोणाला एक चूक सापडली नाही. टाळ्या झाल्या. काकांनी खाली मान घालून हारातली एक पाकळी काढली. मीही टाळ्या वाजवल्या, शेवटच्या रांगेतून. काकांचं त्या रात्रीचं गाडीचं तिकीट होतं आणि वही त्यांच्या पिशवीत चाळिसाव्या पानावर होती, वीस आकड्यांवर.

ऑफिसतर्फे त्यांना कॅल्क्युलेटर दिला. चांगल्या कंपनीचा होता. आठ आकडी.